दाढ, गोळी आणि लाल रेघ

मंडळी, आपल्याकडे एक म्हण आहे. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. म्हातारपणी दात जायचेच, असे आपण धरून चालतो. पण दात नुसत्या वयाने जात नाहीत. ते किडीने जातात आणि हिरड्यांच्या रोगाने जातात. आणि कधी कधी एक किडकी दाढ माणसाला मरणाच्या दारात नेऊन उभी करते.

आज मी तशीच एक हकीकत सांगणार आहे. ती ऐकीव नाही. आमच्याच गल्लीत घडलेली आहे. तिच्यात माझीही चूक होती. छत्तीस वर्षे मी शाळेत मुलांना शिकवले, तरी ही चूक केली. ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणून हा धडा लिहीत आहे.

आबांची दाढ

२०२२ सालची गोष्ट. श्रावणाचे दिवस होते. आमच्या शेजारच्या आबांची दाढ दुखू लागली. आबा सत्तरीचे, पण अंगाने काटक. घरी चार एकर सोयाबीन आणि दोन म्हशी. डाव्या अंगाच्या खालच्या दाढेला मोठा खड्डा पडला होता. दोन वर्षे गार पाणी लागले की कळ यायची. पण आबा तिकडे बघत नसत. त्या बाजूने चावायचे नाही, एवढाच त्यांचा उपाय.

एका सकाळी आबा गालाला उपरणे बांधून माझ्या ओट्यावर आले. गाल सुजला होता.

"गुरुजी, रातभर डोळ्याला डोळा नाही. दाढ नुसती ठणकतीय. काही गोळी हाय का तुमच्याकडं?"

मी म्हणालो, "आबा, तालुक्याला जाऊन दाढ दाखवा."

"नको बाबा! दाताचा डॉक्टर दाढ उपटतो. दाढ उपटली की डोळ्याची नजर जाती. आमच्या थोरल्या भावाचं तसंच झालं. आन् हे भांगलणीचं दिवस. एक दिवस मोडला की रान तणानं भरतंय."

मी फार आग्रह केला नाही. माझ्या कपाटात एका डब्यात सहा कॅप्सूल होत्या. आदल्या वर्षी माझ्या पायाला खुरपे लागले होते. जखम चिघळली. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या पंधरा कॅप्सूल दिल्या. तीन दिवसांत जखम सुकली, तसे मी औषध बंद केले. उरलेल्या सहा ठेवून दिल्या. म्हटले, फुकट कशाला घालवायच्या? कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

त्या सहा कॅप्सूल मी आबांना दिल्या. पाकिटावर उभी लाल रेघ होती. तिच्या बाजूला बारीक अक्षरात काही छापले होते. ते मी वाचले नाही. मी शिकलेला माणूस. पण समोरचे अक्षर न वाचणारा शिकलेला काय कामाचा?

दोन दिवसांत आबांची सूज ओसरली. ठणका कमी झाला. आबा गावभर सांगत सुटले, "गुरुजींच्या हाताला गुण हाय!" मलाही ते ऐकून बरे वाटले.

तिसरी खेप

भाद्रपदात दाढ पुन्हा सुजली. या वेळी आबा माझ्याकडे आले नाहीत. रिकामे पाकीट त्यांनी जपून ठेवले होते. ते नातवाच्या हाती देऊन त्यांनी बाजारच्या गावाहून तशाच चार गोळ्या मागवल्या. दुकानात चिठ्ठी कुणी विचारली नाही. चार गोळ्या घेतल्या, सूज बसली, आबा कामाला लागले.

आश्विनात सोयाबीनची काढणी सुरू झाली. दाढेने तिसऱ्यांदा डोके वर काढले. पुन्हा त्याच गोळ्या आल्या. पण आता गुण येईना. सूज गालावरून जबड्याखाली गेली. तिथून गळ्याकडे सरकली. अंगात ताप भरला.

तिसऱ्या रात्री आबांची सून धावत आमच्याकडे आली.

"गुरुजी, लवकर चला. मामंजींना थुंकीसुदिक गिळंना. तोंड उघडंना. बोलणं सगळं घोगरं झालंय."

मी गेलो. आबा अंथरुणावर उठून बसले होते. आडवे झाले की त्यांचा श्वास कोंडत होता. हनुवटीखालचा भाग लाकडासारखा कडक झाला होता. तोंडातून लाळ गळत होती. मी १०८ नंबर लावला. गाडी आली आणि आबांना जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले.

त्याच रात्री डॉक्टरांनी जबड्याखाली चीर देऊन पू बाहेर काढला. दाढ काढली. शिरेतून औषध सुरू केले. थोडा पू तपासणीला पाठवला. दोन दिवसांनी तपासणीचा कागद आला. आबांच्या पुवातील जंतू आबा खात होते त्या गोळीला दाद देत नव्हते. डॉक्टरांनी औषध बदलले. नऊ दिवसांनी आबा घरी आले. सोयाबीन शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काढून दिले.

रुग्णालयातील डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "गुरुजी, थोडा आणखी उशीर झाला असता, तर श्वासाची वाट बंद झाली असती." मग त्यांनी विचारले, "यांना पहिल्यांदा गोळी कुणी दिली?"

मी मान खाली घातली. "बाई, मी दिली."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग आता हे नीट समजून घ्या आणि गावालाही समजावून सांगा."

त्यांनी जे सांगितले आणि मी मागाहून जे वाचले, ते आता तुम्हाला सांगतो.

तोंडातले रहिवासी

हॉलंड देशात डेल्फ्ट नावाचे गाव आहे. तिथे लेव्हेनहूक नावाचे एक कापडाचे व्यापारी होते. ते कॉलेजात शिकलेले नव्हते. पण काचेचे भिंग घासून सूक्ष्मदर्शक करण्याचा त्यांना नाद होता. १६८३ साली त्यांनी आपल्याच दातांवरचा पांढरा मळ काढला आणि भिंगाखाली धरला. त्यात असंख्य बारीक जीव वळवळताना दिसले. त्यांनी लंडनच्या विद्वानांना पत्र लिहून कळवले, की आपल्या देशात जितकी माणसे आहेत त्याहून जास्त जीव माझ्या एका तोंडात आहेत.

हेच ते जंतू. आज माणसाच्या तोंडात सातशेहून अधिक जातींचे जंतू आढळले आहेत. ते सगळेच वाईट नाहीत. बरेचसे निरुपद्रवी आहेत. काही तर आपली राखणही करतात, कारण ते जागा अडवून धरतात आणि वाईट जंतूंना फैलावू देत नाहीत. तेव्हा तोंडातले सगळे जंतू मारायचे, हा आपला हेतू नाही. वाईट जंतूंना माजू द्यायचे नाही, एवढेच आपले काम.

कीड म्हणजे अळी नव्हे

आपण म्हणतो, "दात किडला." त्यामुळे लोकांना वाटते, दातात अळी असते. काही भोंदू लोक रिंगणीच्या बियांची धुरी देतात आणि दाढेतून अळ्या पडल्या असे दाखवतात. मंडळी, ते अळ्या नसतात. ते बियांतलेच कण असतात. दाढेत अळी नसते. दात किडतो तो जंतूंनी केलेल्या आंबटाने.

ते कसे, बघा. दुधाला विरजण लावले की दही आंबट होते. विरजणातले जंतू दुधातली साखर खातात आणि आम्ल सोडतात. तोंडातही तसेच होते. आपण गोड चहा पितो, बिस्किट खातो, गूळ खातो. दातांवरच्या चिकट थरातले जंतू ती साखर खातात आणि आम्ल सोडतात. ते आम्ल दाताचे वरचे कवच हळूहळू विरघळवते.

हे कवच आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. ते हाडाहूनही कठीण असते. पण त्याला एकदा भोक पडले, की ते पुन्हा आपोआप भरत नाही. कवचाच्या आत थोडा मऊ थर असतो. त्याच्या आत पोकळी असते. त्या पोकळीत मऊ गर असतो. या गरात रक्ताच्या बारीक वाहिन्या असतात आणि नसा असतात. त्या मुळाच्या टोकातून आत येतात.

कीड कवचात असते, तेव्हा काही दुखत नाही. आतल्या थरात गेली, की गार आणि गोड लागल्यावर कळ येते. गरापर्यंत पोचली, की रात्री झोप लागत नाही. मग गर सडतो आणि मरतो. तेव्हा ठणका एकदम थांबतो. माणसाला वाटते, बरे झाले. पण बरे झालेले नसते. जंतू मुळाच्या टोकातून खाली जबड्याच्या हाडात उतरतात. तिथे पू साठतो. आबांच्या दाढेचे नेमके हेच झाले होते.

काटा काढल्याशिवाय पाय बरा होत नाही

तुम्ही विचाराल, "गोळीने सूज तर उतरली होती. मग ती परत का आली?"

शेतात पाटाने पाणी देता ना? पाट फुटला किंवा बुजला, तर पुढच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. मोटर कितीही वेळ चालवा, तो वाफा कोरडाच राहतो. गोळीचे औषध रक्तातून जाते. रक्त हाच त्याचा पाट. दाढेतला गर मेला, की तिथल्या रक्तवाहिन्याही मरतात. पाट बंद होतो. मग औषध त्या सडक्या दाढेच्या आत पोचणार कसे? भोवतालची सूज ते थोडी कमी करते. पण जंतूंचे बिऱ्हाड दाढेत तसेच राहते. महिन्याभराने ते पुन्हा बाहेर पडतात.

पायात बाभळीचा काटा मोडला, तर आपण काय करतो? काटा काढतो. काटा आत ठेवून वरून कितीही लेप लावले, तरी पाय पुन्हा पिकतो. सडक्या दाढेचेही तसेच आहे. तिथला काटा काढलाच पाहिजे.

दाताचे डॉक्टर तो काटा तीन रीतींनी काढतात. कीड वरवर असेल, तर खड्डा साफ करून दात भरतात. कीड गरापर्यंत गेली असेल, पण दात राखण्यासारखा असेल, तर आतला सडका गर काढून पोकळी धुतात आणि भरतात. याला रूट कॅनाल म्हणतात. दात राखण्यासारखा नसेल, तर तो काढतात. पू साठला असेल, तर त्याला वाट करून देतात.

दाढ काढल्याने नजर जाते, ही समजूत खोटी आहे. दाताच्या नसा वेगळ्या आणि बघण्याची नस वेगळी. आबांच्या थोरल्या भावाला मोतीबिंदू होता, हे मला मागाहून कळले. दोन गोष्टी एका सुमाराला घडल्या, म्हणून लोकांनी त्यांची गाठ घातली. आणि दाढ काढण्याआधी डॉक्टर सुई देऊन जागा बधिर करतात. त्यामुळे काढताना कळ येत नाही.

गोळी केव्हा लागते?

इथे एक फरक ध्यानात घ्या. दुखणे कमी करणारी गोळी वेगळी आणि जंतू मारणारी गोळी वेगळी. जंतू मारणाऱ्या औषधाला डॉक्टर अँटिबायोटिक म्हणतात. पुस्तकात त्याला प्रतिजैविक हा शब्द आहे. अँटिबायोटिक हे ठणक्यावरचे औषध नाही. नुसती दाढ ठणकते आहे, सूज नाही, ताप नाही, तर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. तिथे दाढेचाच इलाज हवा.

मग अँटिबायोटिक केव्हा लागते? दाढेपाशी पू होऊन ताप आला, सूज पसरू लागली, तोंड उघडेना झाले, तर लागते. ज्याच्या अंगात रोगाशी झुंजण्याची ताकद कमी आहे, त्यालाही ती लवकर द्यावी लागते. पण तेव्हासुद्धा दाढेचा इलाज चुकत नाही. गोळी ही मदतीला असते. ती दाढेच्या इलाजाच्या जागी घ्यायची नसते.

कोणती, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचे. त्यांना काही गोष्टी आपण न विसरता सांगायच्या. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठले होते का, धाप लागली होती का? मधुमेह आहे का? हृदयाच्या झडपेचा आजार आहे का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? बाई गरोदर आहे का? हे लपवू नका. लाजू नका.

जंतू चिवट कसे होतात?

हे शेतकऱ्याला चटकन कळेल. बीटी कपाशी आली, तेव्हा बोंडअळी मरत होती. पुढे काय झाले? २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्या विदर्भात आणि मराठवाड्यात कपाशीची दैना केली. त्या कपाशीला अळी दाद देईना. हजारात एखादी अळी चिवट असते. बाकीच्या मरतात, ती उरते. तिची पिलावळ वाढते. काही वर्षांत रान चिवट अळ्यांनी भरते.

जंतूंचेही असेच असते. अळीला वाढायला दिवस लागतात. काही जंतूंची संख्या अर्ध्या तासात दुप्पट होते. विनाकारण गोळी घेतली, कमी घेतली किंवा मनाने मध्येच सोडली, की कमजोर जंतू मरतात आणि चिवट उरतात. मग ते घरातल्या दुसऱ्या माणसाकडेही जातात. आणि गोळीने तोंडातले व पोटातले चांगले जंतूही मरतात, म्हणून कुणाला जुलाब होतात, कुणाचे तोंड येते.

हे कुणी आधी सांगितले नव्हते, असे नाही. १९२८ साली लंडनच्या एका रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीपासून पेनिसिलीन सापडले. पुढे फ्लोरी आणि चेन यांनी त्याचे औषध बनवले. १९४५ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या भाषणात फ्लेमिंग यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली. एका माणसाचा घसा दुखतो. तो आपल्या मनाने थोडेसे पेनिसिलीन घेतो. जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. ते त्याच्या बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो. आता पेनिसिलीन चालत नाही आणि ती बिचारी मरते. हे वाचले तेव्हा मला आपल्या डब्यातल्या सहा कॅप्सूल आठवल्या.

आपल्या देशाने हे औषध कष्टाने मिळवले. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला. १९५५ साली तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्याआधी ते परदेशातून आणावे लागे. हे औषध नव्हते, तेव्हा आबांना झाली तशी गळ्याची सूज आलेले निम्म्याहून अधिक रोगी दगावत. आणि आज? गोळीला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. औषध गावात आहे, पण चालत नाही, अशी वेळ आपल्यावर येऊ द्यायची नाही.

लाल रेघ वाचा

आता तुम्ही वाचायला शिकला आहात. गोळ्यांचे पाकीट हातात आले, की आधी ते बघा. काही पाकिटांवर उभी लाल रेघ असते. २०१६ साली केंद्र सरकारने या रेघेचा प्रचार सुरू केला. रेघेचा अर्थ असा, की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. अँटिबायोटिकच्या पाकिटावर ही रेघ असते. दुसऱ्या काही औषधांवरही असते. बाजूचा मजकूर इंग्रजीत असला, तरी रेघ सर्वांना वाचता येते.

लाल रेघ दिसली, की स्वतःला विचारा, "चिठ्ठी कुठे आहे?" चिठ्ठी नसेल, तर घेऊ नका. दुकानदार देत असला, तरी घेऊ नका. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या सांगितलेल्या वेळी आणि सांगितलेले दिवस घ्या. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका. त्रास झाला, तर डॉक्टरांना विचारा. उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नका, जनावराला घालू नका, ओढ्यात टाकू नका. दवाखान्यात नेऊन तिचे काय करायचे ते विचारा.

दाढ उठली तर

रात्री दाढ उठली, तर कोमट पाण्यात मीठ घालून हळू चुळा भरा. लवंगेचे तेल कापसावर घेऊन दाढेला लावले, तर घटकाभर आराम पडतो. हा इलाज नव्हे, सकाळपर्यंतचा आधार. हिरडीवर गोळी कुटून ठेवू नका, तिथे भाजते. तंबाखू किंवा रॉकेल लावू नका. गालाला बाहेरून शेक देऊ नका. सुईने पू फोडू नका. सकाळी दवाखाना गाठा. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. दाताचे डॉक्टर तालुक्याच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात कोणत्या वारी बसतात, ते तिथे सांगतील.

पण सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे गेली, गिळता येईना, तोंड उघडेना, श्वास कोंडू लागला, किंवा सूज डोळ्यापर्यंत चढली, तर सकाळची वाट बघू नका. लगेच १०८ लावा.

दात सांभाळा

दिवसातून दोनदा दात घासा. एकदा सकाळी आणि एकदा रात्री झोपण्याआधी. रात्रीचे घासणे जास्त महत्त्वाचे. झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना रान मोकळे मिळते. मऊ ब्रश वापरा. फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. फ्लोराइडने दाताचे कवच बळकट होते. राखुंडी आणि विटेची पूड दात झिजवते. मिश्री तर लावूच नका. ती भाजलेली तंबाखू आहे. तिचे व्यसन लागते आणि तोंडाचा कर्करोग होतो.

गोड खायचे तर जेवणाबरोबर खा. दर तासाला गोड चहा घेतला, तर दातांना दिवसभर आम्लात ठेवल्यासारखे होते. घासताना हिरडीतून रक्त येत असेल, तर घासणे सोडू नका. ती हिरड्यांच्या रोगाची खूण आहे. डॉक्टरांना दाखवून दातांवरचे कीटण काढून घ्या. मधुमेह असणाऱ्याने हिरड्या विशेष जपाव्यात. हिरडी बिघडली की साखर आवरत नाही आणि साखर वाढली की हिरडी बिघडते.

लेकरांचेही बघा. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दातांमागे एक नवी दाढ येते. लोक तिला दुधाची समजतात आणि दुर्लक्ष करतात. ती कायमची दाढ असते. ती गेली की दुसरी येत नाही.

आबा आता

आबा तेव्हा आपल्या रात्रीच्या वर्गात येत नव्हते. आता येतात. हनुवटीखाली चिरेची खूण आहे, ती हाताने चाचपत अक्षर लावतात.

परवा त्यांच्या नातवाला सर्दी झाली. कुणीतरी गोळ्यांचे पाकीट आणून दिले होते. आबा ते घेऊन माझ्या ओट्यावर आले. चष्मा सावरून म्हणाले, "गुरुजी, हिच्यावर लाल रेघ हाय. पोराला नुसती सर्दी हाय. चिठ्ठी तर कुणी आणलीच न्हाई. मग ही द्यायची कशी?"

मी म्हणालो, "आबा, द्यायची नाही. साध्या सर्दीला ही गोळी लागत नाही, तिचे जंतू निराळे. ताप चढला किंवा धाप लागली, तर पोराला दवाखान्यात नेऊ."

आबांनी पाकीट खिशात घातले. म्हणाले, "उद्या केंद्रात परत देऊन येतो."

ध्यानात ठेवा

१. दातात अळी नसते. जंतूंच्या आम्लाने दात किडतो.
२. ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली, असे नाही.
३. सडक्या दाढेचा इलाज दाताचे डॉक्टर करतात. एकटी गोळी तो करू शकत नाही.
४. लाल रेघेचे औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका. उरलेले औषध कुणाला देऊ नका.
५. सूज गळ्याकडे गेली, गिळता येईना किंवा श्वास कोंडला, तर लगेच १०८ लावा.

प्रश्न

१. आबांची सूज दोनदा बसली, तरी परत का आली?
२. गुरुजींची चूक कोणती?
३. तुमच्या घरातली गोळ्यांची पाकिटे काढा. कोणावर लाल रेघ आहे, ते बघा. ती कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या चिठ्ठीवर आणली, ते घरच्यांना विचारा.